मांडी घालता येईल का?

हल्ली दुकानात साडी बघायला येणाऱ्यांपेक्षा माझा गुडघा बघायला येणारेच जास्त, असं माझा धाकटा भाऊ बसवराज म्हणतो. त्याला वाढवून सांगायची सवय आहे, पण आठवड्यातून एखादं माणूस येतंच. कुणाची आई आजारी असते, कुणाचे सासरे. गादीच्या कडेला टेकतात, पाऊसपाण्याचं बोलतात आणि मग हळूच विचारतात, "अण्णा, करू का ऑपरेशन? का नको?"

मी डॉक्टर नाही. करा म्हणायची मला छाती होत नाही आणि नको म्हणायचा मला हक्क नाही. माझं काय झालं तेवढं सांगतो. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

माझं नाव ईरप्पा, वय त्रेपन्न. सोलापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. दुकानात खुर्ची नाही. लाकडी फळ्यांची गुडघाभर उंच बैठक, तिच्यावर गादी, गादीवर पांढरी चादर. गिऱ्हाइकाने चपला काढून वर यायचं, मी समोर मांडी घालून बसायचं. अठराव्या वर्षी वडिलांनी त्या जागी बसवलं, तेव्हापासून माझी जागा तीच. जागा म्हणजे काय, एक मांडीच की. पण माणसं मला तिच्यावरूनच ओळखतात.

धंद्याची आणखी एक रीत सांगतो, पुढे लागणार आहे. घडी बघून कुणी साडी घेत नाही. विकणाऱ्याने उभं राहायचं, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा, निऱ्या कमरेशी धरायच्या, मग बाईला अंदाज येतो. मिशीवाल्या बाप्याने जरीची साडी लावून दाखवली तरी आमच्याकडे कुणी हसत नाही.

उठण्याची युक्ती

तरुणपणी माळ्यावरून कापडाचं गाठोडं काढताना शिडीवरून पडलो होतो. उजवा गुडघा सुजला आणि महिन्याभरात बरा झाला. म्हणजे मला तसं वाटलं. पंचेचाळिशीनंतर त्याने डोकं वर काढलं. आधी जिना चढताना दुखायचा, मग उतरताना, मग नुसता बसलो तरी.

मी ते सात वर्षं लपवलं. लपवायला अक्कल लागते, ती माझ्याकडे भरपूर होती. सकाळी बसलो की जेवायलाच उठायचं. पाणी पिणं सोडलं, कारण पाणी प्यालं की उठावं लागतं. उठण्याची एक युक्ती बसवली होती. कूस बदलल्यासारखं डावीकडे कलायचं, साड्यांच्या थप्पीवर तळवा दाबायचा, श्वास धरायचा आणि एका झटक्यात उभं राहायचं. मग चेहरा ताळ्यावर येईपर्यंत कपाटाकडे तोंड करून काहीतरी शोधतोय असं दाखवायचं. साडी अंगावर टाकून दाखवायचं काम मी बसवराजकडे दिलं. "तुझी उंची चांगली हाय," म्हणालो. त्याला ते खरंच वाटलं.

घरी मात्र लपत नव्हतं. माझी बायको महादेवी रोज संध्याकाळी करडईचं तेल कोमट करून गुडघ्याला चोळायची. पाव्हण्यारावळ्यांनी सुचवलेले सगळे उपाय झाले. एरंडाची पानं बांधली. बिब्ब्याचे चटके घेतले, त्याचे डाग अजून आहेत. अक्कलकोटकडच्या एका वैदूने दिलेला लेप लावला, तर गुडघा राहिला बाजूला आणि कातडी सोलून निघाली.

दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, एक बार्शीला, एक गुलबर्ग्याला. घरात आम्ही दोघंच. दिवाळीआधी घराला चुना मारायचो, तेव्हा आमचं एक ठरलेलं भांडण असायचं. चुलीशेजारच्या भिंतीवर, बसल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, एक काळपट तेलकट डाग होता. चुन्याचे दोन हात दिले तरी पंधरा दिवसांत तो पुन्हा उमटायचा. "भिंतीला हात पुसतीस काय गं?" मी ओरडायचो. "पुसते की," ती म्हणायची आणि कामाला लागायची.

फोटो

एका शनिवारी दुपारी मी गादीवरून उठलोच नाही. कललो, तळवा दाबला, श्वास धरला आणि तिथेच अडकलो. गुडघ्यात कुलूप लागल्यासारखं झालं. समोर दोन गिऱ्हाइकं होती. बसवराजने आणि त्यातल्या एका पाव्हण्याने मला काखेत हात घालून उचललं. चादरीला धरून ठेवलेली माझी मूठ सुटेना.

डॉक्टरांनी फोटो काढला. एक्स-रेला आम्ही फोटोच म्हणतो. तो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी मला जवळ बोलावलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला.

"मधली गादी संपलीय. हाडावर हाड घासतंय," ते म्हणाले. "दोन रस्ते आहेत. एक मी इथे करू शकतो. दोन्ही हाडं सरळ जोडून टाकायची. गुडघा जाम होईल, दुखणं कायमचं जाईल. पण पाय पुन्हा कधी वाकणार नाही."

"कधीच न्हाई?"

"कधीच नाही. दुसरा रस्ता मुंबईला. तिथे माझे एक ओळखीचे सर्जन बाहेरून शिकून आलेत. झिजलेला सांधा काढून धातूचा आणि प्लास्टिकचा बसवतात. जमलं तर पाय काटकोनात वाकेल, जिना चढाल. पण हे नवीन आहे. मोजक्याच लोकांचं केलंय त्यांनी. किती वर्षं टिकेल ते त्यांनाही सांगता येत नाही. आत पू झाला तर सांधा काढावा लागेल, क्वचित पायही."

जीव जाईल का, पाय जाईल का, हे विचारायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "मांडी घालता येईल का?"

डॉक्टरांनी फोटो टेबलावर ठेवला. "सगळे हेच विचारतात," ते म्हणाले. "कशातच नाही. मांडी विसरा."

आता हसू येतं, पण त्या खोलीत मला पायापेक्षा मांडी गेल्याचं दुःख जास्त झालं होतं.

काहीच केलं नाही तर, असंही विचारलं. दोन-तीन वर्षांत काठी घेऊनही चालता येणार नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी एक सुचवलं. जाम करायचा विचार असेल तर आधी चार आठवडे मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून बघा. पाय वाकत नसला की दिवस कसा जातो ते कळेल. जमलं तर करू, नाही तर प्लास्टर कापता येतं, ऑपरेशन कापता येत नाही.

त्या डॉक्टरांचे मी फार उपकार मानतो. पण त्या वेळी मनात आलं, हा माणूस मला चाचणी म्हणून महिनाभर फाशी देतोय.

बस्ता

प्लास्टर घातलं आणि तिसऱ्या दिवशी एक चमत्कार झाला. दुखणं थांबलं. सात वर्षांत पहिल्यांदा मी सकाळी उठलो आणि गुडघा गप्प होता. मला रडू आलं. ठरलं, म्हटलं, जाम करून टाकायचा. मुंबई नको, धातू नको, काही नको.

त्याच जोरात आठव्या दिवशी रिक्षात आडवा बसून दुकानात गेलो. करकंबहून लग्नाचा बस्ता येणार होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. दोन्हीकडची माणसं गादीवर येतात, आधी नवरीचा शालू, मग मानपानाच्या साड्या, मग आहेर. दिवस जातो. असा बस्ता मी कधी दुसऱ्यावर सोडला नव्हता.

बसायचं कसं, इथेच गाडी अडली. खुर्ची घेतली तर मी वर आणि गिऱ्हाईक खाली, शिवाय साड्या माझ्या पायाशी येणार. साडीला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. मग खाली बसलो तर पाय सरळ समोर, तळवा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. बसवराज म्हणाला, "अण्णा, आजचा दिवस ऱ्हाऊ द्या की." मी ऐकलं नाही. गादीवर बसलो, प्लास्टरच्या पायावर मांजरपाटाचा तुकडा पसरला आणि कुणाच्या लक्षात येणार नाही असं स्वतःला समजावलं. एवढी मोठी चूक मी धंद्यात कधी केली नव्हती.

माणसं आली, बसली. नवरीची आत्या अगदी माझ्या समोर. तिने त्या झाकलेल्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दुकानदार, पाय आत घ्या की."

"आत्याबाई, प्लास्टर हाय. वाकत न्हाई."

"आसंल की. पण नवरीचा शालू पायापलीकडनं न्हाई घ्यायचा आमाला."

ती काही भांडखोर बाई नव्हती. लग्नघरची माणसं सगळ्यालाच भितात, मीही माझ्या मुलींच्या लग्नात भ्यायलो होतो. बसवराजने पटकन चादर झटकली आणि सगळा बस्ता गादीच्या दुसऱ्या टोकाला नेला. शालू उलगडला, त्याने उभं राहून खांद्यावर टाकला, बायका पुढे सरकल्या. मी माझ्या जागेवर, पायावर मांजरपाट घेऊन, संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. मला एकट्याला उठता येत नव्हतं.

त्या दिवशी माझ्या मनात भावाबद्दल वाईट आलं. वाटलं, याला हेच हवं होतं. तो बारा वर्षांनी लहान, दोन्ही पाय धड, माझी जागा कधी मोकळी होते याचीच वाट बघत असणार. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहितो.

खाटेवरून दिसलेलं

दुसऱ्या दिवसापासून मी घरीच राहिलो. महादेवीने खाट मधल्या खोलीत ओढून घेतली, म्हणजे हाक मारली की तिला ऐकू येईल. तिथून चूल समोर दिसायची. पस्तीस वर्षांत सकाळी नऊनंतरचं आमचं स्वयंपाकघर मी पाहिलंच नव्हतं. मी तेव्हा गादीवर असायचो.

पडल्या पडल्या चिंता करण्याखेरीज उद्योग नव्हता. आम्ही लिंगायत, गळ्यातल्या लिंगाची रोजची पूजाही खाटेवर बसून, पाय लांब करून करायचो आणि शिवाची क्षमा मागायचो. जाम केला तर गादी गेली. मुंबईला गेलो तर कदाचित पाय गेला, कदाचित मीच. काही केलं नाही तर दोन वर्षांनी खाट आहेच. हे तीन विचार फिरून फिरून यायचे. मला मरायची भीती वाटत होती. हे कुणाला सांगितलं नाही, सांगायला पाहिजे होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सहज बघत होतो. महादेवी भाकरी करायला बसली. बसायच्या आधी तिने पिठाचा डबा, मीठ, पाण्याचा तांब्या, सरपण, सगळं हाताच्या अंतरावर मांडून घेतलं. मग बसली ती भाकऱ्या होईपर्यंत जागची हलली नाही. मोठी बाईमाणसं करतात तसंच, त्यात विशेष नव्हतं. तहान लागली असणार, घाम पुसत होती. पण शेजारी प्यायच्या पाण्याचं फुलपात्र भरलेलं होतं, त्याला तिने हात लावला नाही.

शेवटची भाकरी झाली. ती कूस बदलल्यासारखी डावीकडे कलली. तळवा भिंतीवर ठेवला, नेमका त्या डागावर. डोळे मिटले. श्वास धरला. उठली, आणि उठल्यावर माझ्याकडे पाठ करून फडताळात काहीतरी शोधत राहिली.

फडताळात शोधायचं काही नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? हे माझंच उठणं होतं, थप्पीच्या जागी भिंत होती एवढंच.

त्या दिवशी विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन आली तेव्हा विचारलं, "कधीपासनं?"

"काय कधीपासनं?"

"गुडघा."

ती ताट ठेवायला वाकली, तेही कमरेतून.

"कुटला?" मी म्हणालो.

"दोन्ही."

मग खाटेच्या कडेला टेकली. "तुमच्या आदीपासनं. धाकटी झाली तवापासनं म्हणा की."

"सांगायचं न्हाईस?"

"सांगून? भाकरी कोण थापणार हुतं? आन् तुमी एवढं कण्हताय, त्यात मी कुटं कण्हू? घरात एकानंच कण्हावं."

"मला कळलं न्हाई गं."

"रोज संध्याकाळी तुमचा पाय चोळताना मी गुडघं टेकूनच बसायची की जमिनीवर. समूरच हुते."

मी जेवलो नाही. तिने आग्रह केला नाही, तोही तिचा राग असावा. शेवटी मी विचारलं, "मग मी काय करू? जाम करू?"

"बेड," ती म्हणाली. नको म्हणायचं असलं आणि पक्कं म्हणायचं असलं की ती कानडीत म्हणते. "बेड. आता बारा दिस झाले, तुमचं धोतर कोण नेसवतंय? पाय कोण धुतंय? न्हाणीत कोण बसवतंय, कोण उठवतंय? मी. चार आठवडे करीन. जलमभर न्हाई जमायचं. मला मलाच उठवंना."

एवढं साधं होतं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना माहीत नव्हतं. न वाकणारा पाय सांभाळायला घरात दुसऱ्या कुणाचे तरी दोन धड गुडघे लागतात. आमच्या घरात चार गुडघ्यांपैकी माझा डावा तेवढा शाबूत होता.

"मग मुंबई?"

"जावा." मग पदराने डोळे पुसले. "पण परत या. न्हाई आलात तर बगा."

मुंबई

पैशाचं कसं जमवलं ते सांगत बसत नाही, जमलं. बसवराज आम्हाला सोडायला आला आणि परत गेला. महादेवी दादरला माझ्या मावसभावाकडे राहायची आणि दिवसभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायची.

ऑपरेशनच्या सकाळी माझी जी गाळण उडाली तिला तोड नाही. हिरवा झगा घातला. सिस्टर आली, म्हणाली, अंगठी, करदोटा, गळ्यातलं, सगळं काढा. गळ्यात लिंग होतं. आमच्यात लिंग अंगावेगळं करत नाहीत. मेल्यावरसुद्धा ते माणसासोबत जातं. मी दोन्ही मुठींत ते धरून बसलो. म्हणालो, मी उठून घरी जातो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला कारण मिळाल्याचा आनंदही झाला. लिंगाच्या आडून पळून जायचं, कुणी भित्रा म्हणणार नाही.

सिस्टर केरळची होती. तिने वाद घातला नाही. आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली, लिंग स्वच्छ केलं, जाळीच्या कापडात गुंडाळलं आणि माझ्या डाव्या दंडाला घट्ट बांधलं. पायाचं ऑपरेशन, दंड कुणाच्या आड येतो? स्वतःच्या गळ्यातल्या बारीक क्रॉसवर बोट ठेवून म्हणाली, "मैं भी नहीं निकालती." पळायला जागाच उरली नाही. तिचं नाव विचारायचं राहिलं, ती चुटपुट आहे.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा पाय आहे का बघितलं, मग दंड.

पाचव्या दिवशी ताप भरला. "आत पू झाला तर" हे शब्द तेव्हापासून डोक्यात घण घालत राहिले. दोन दिवस कुणी नीट सांगेना. तिसऱ्या दिवशी कळलं की ताप गुडघ्याचा नव्हता, सलाईन लावलेली हाताची शीर सुजली होती. ते दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. अशा वेळी डॉक्टरांना धरून विचारा, लाजू नका. मी लाजलो आणि दोन दिवस उगाच मेलो.

मग गुडघा वाकवणं सुरू झालं. व्यायाम घेणारी बाई हसतमुखाने पाय दाबायची आणि मी वॉर्ड डोक्यावर घ्यायचो. ऑपरेशन परवडलं, असं वाटायचं. महादेवी दारातून टक लावून बघायची. एकदा तिने त्या बाईला विचारलं, "ह्यास्नी आनखी किती दिस रडायला लागंल?" बाई म्हणाली, महिनाभर. महादेवीने मान डोलावली.

परत

दीड महिन्याने काठी घेऊन दुकानात गेलो. आता खुर्चीत बसायचं आणि गल्ला सांभाळायचा, असं मनाशी ठरवून गेलो होतो. बघतो तर माझ्या जागी गादीला चौकोनी भोक. बसवराजने वडिलांच्या बैठकीच्या फळ्या करवतीने कापल्या होत्या.

"हातमागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसत्यात की न्हाई?" तो म्हणाला. "तसं. बसा, पाय खाली सोडा. डॉक्टरला मी ट्रंक कॉल करून इचारलं हुतं, काटकोनात वाकंल म्हनले. माप घिऊन केलंय."

मी बसलो. पाय खाली खड्ड्यात गेले, कडेने चादर ओढून घेतली. गिऱ्हाइकाच्या बरोबरीच्या उंचीवर, माझ्याच जागेवर, आणि तळवा कुणाकडे नाही. बस्त्याच्या दिवशी त्याच्याबद्दल जे मनात आलं होतं ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून त्याला कळेल.

गुडघा धड झाला असं मी म्हणणार नाही. थंडीत ठणकतो. उकिडवं बसता येत नाही, पंगतीत जेवता येत नाही. किती वर्षं टिकेल ही भीती रोज सकाळी माझ्याआधी उठते. पण मी पाणी पितो, पोटभर. उभं राहून साडी खांद्यावर टाकतो.

आता शेवटचं. परत आल्यापासून महादेवी मला काहीबाही विचारायची. भाकरी थापता थापता, पाठमोरी. "सुई टोचत्यात तवा कळतं का?" "टाके काढताना लई दुखलं?" "ती सिस्टर सगळ्यांचंच लिंग दंडाला बांधती का?" एकदा, "थंडीत किती ठणकतो?" मला वाटायचं काळजी आहे. मी उत्तरं द्यायचो, कधी थोडं फुगवून. मी जिना चढायला लागलो की ती खाली उभी राहून बघायची, उतरलो की पुन्हा बघायची. एकदा तिने मला कारण नसताना तीनदा माडीवर पाठवलं.

पस्तीस वर्षं गादीवर काढलेला माणूस मी. ज्या बाईला साडी घ्यायची असते ती हात लावत नाही, लांबून बघत राहते आणि बारीकसारीक खोट विचारते, रंग जाईल का, जर काळी पडेल का. हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. आणि घरातलं गिऱ्हाईक मला ओळखू आलं नाही.

परवा रविवारी सकाळी मी बसलो होतो. तिने तवा उतरवला, त्या डागावर तळवा ठेवून उठली आणि या वेळी फडताळाकडे न वळता माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. चेहरा दुखण्याने वाकडा झालेला, तो तिने तसाच राहू दिला.

"अवो," ती म्हणाली, "त्यो फोटो काढाय किती वेळ लागतो?"

"अर्धा तास," मी म्हणालो आणि चपला शोधायला हात न टेकता उठलो.